मावळच्या काळ्या कातळावर भूकंपशास्त्राचा पहिला धडा

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगर हादरले. ६.३ परिमाणाच्या या भूकंपात सुमारे दोनशे माणसे मृत्युमुखी पडली, हजारो जखमी झाली आणि कोयनेची वीज खंडित झाल्याने मुंबईतील कारखाने थंडावले. पुण्या-मुंबईतही लोक अंथरुणातून उठून घराबाहेर आले. दख्खनचे पठार म्हणजे अढळ, अचल भूमी, हा तोवर शाळा-महाविद्यालयांत शिकवला जाणारा समज त्या एका पहाटेने मोडून काढला. आज महाविद्यालयात भूशास्त्राच्या प्रथम वर्षाला प्रवेश घेणारा विद्यार्थी प्रयोगशाळेत भूकंपाची जी प्रात्यक्षिके करतो, त्यांना महाराष्ट्रात या घटनेची पार्श्वभूमी आहे. कागदावरच्या या अभ्यासाला प्रत्यक्ष खडकाची जोड हवी असेल, तर पुण्याहून तासा-दीड तासाच्या अंतरावरील मावळ आणि लोणावळा हा परिसर सर्वांत सोयीचा ठरतो.

पायाखालचा खडक

लोणावळ्याच्या परिसरात जिकडे पाहावे तिकडे काळा पाषाण, म्हणजेच बेसॉल्ट, दिसतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाला पडलेल्या भेगांतून लाव्हारसाचे लोट पुनःपुन्हा बाहेर पडले आणि एकावर एक थिजत गेले. त्यांतूनच सह्याद्रीच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या डोंगररांगा घडल्या. खोपोलीहून बोरघाट चढून खंडाळ्याला येताना प्रवासी सुमारे पाचशे मीटर उंची चढतो आणि तेवढ्या चढात लाव्हाचे अनेक थर ओलांडतो. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा पातळ पट्टा दिसतो. एक लोट थंड झाल्यानंतर दुसरा येईपर्यंत मधल्या काळात खडकाची झीज कशी झाली, याची ती खूण होय. दख्खनच्या लाव्हाथरांचे वर्गीकरण करताना भूवैज्ञानिकांनी एका उपगटाला लोणावळ्याचेच नाव दिले असून खंडाळा व बुशे या शैलसमूहांचा त्यात समावेश होतो. कार्ले, भाजे व बेडसे येथील लेणीही याच बेसॉल्टच्या थरांत कोरलेली आहेत.

या ठिकाणी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. खडक ज्वालामुखीजन्य असल्याने येथे भूकंप होत असावेत, असे अनेकांना वाटते. वस्तुतः लाव्हाचे उद्रेक कोट्यवधी वर्षांपूर्वीच थांबले आहेत. आजच्या भूकंपांचा त्यांच्याशी थेट संबंध नाही. भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकत आशियाच्या भूपट्टाला रेटत असल्याने संपूर्ण द्वीपकल्पाच्या खडकांत ताण साठत असतो. जेथे जुने, कमकुवत प्रस्तरभंग असतात तेथे हा ताण अधूनमधून मोकळा होतो. अनेकदा हे प्रस्तरभंग बेसॉल्टच्या आवरणाखालच्या ग्रॅनाइट व नाइस या अतिप्राचीन खडकांत दडलेले असतात. कोयना परिसरात घेतलेल्या खोल वेधनविवरांत बेसॉल्टची जाडी काही ठिकाणी एक किलोमीटरहून अधिक आढळली आणि त्याखाली थेट ग्रॅनाइट-नाइस लागला. घाटात उभे राहून दिसणारे थर म्हणजे केवळ वरचे पांघरूण होय, हे विद्यार्थ्याने प्रथम ध्यानात घ्यायचे असते.

लोणावळ्याच्या बाजूला हे थर जवळजवळ आडवे दिसतात. घाट उतरून पनवेलच्या दिशेने गेल्यावर मात्र तेच थर पश्चिमेकडे, समुद्राच्या बाजूला कललेले आढळतात. भूशास्त्रात 'पनवेल वाकण' या नावाने ही रचना प्रसिद्ध आहे. पश्चिम किनारा घडताना भूकवचाला आलेल्या बाकाची ती निशाणी मानली जाते. एका दिवसाच्या सहलीत आडवे थर आणि कललेले थर दोन्ही पाहता येणे, हे या परिसराचे वैशिष्ट्य आहे.

विटा, पॉलिशपेपर आणि इलॅस्टिक

प्रयोगशाळेतील पहिले प्रात्यक्षिक अगदी साध्या साहित्यावर करता येते. टेबलावर पॉलिशपेपर चिकटवायचा, त्यावर तसाच कागद लावलेली वीट ठेवायची आणि विटेला इलॅस्टिक बांधून ते सावकाश, एकसारख्या वेगाने ओढायचे. सुरुवातीला वीट हलत नाही. इलॅस्टिक मात्र ताणले जाते. घर्षणाची मर्यादा ओलांडली गेली की वीट एकदम सरकते आणि पुन्हा थांबते. भूकंपाची मूळ यंत्रणा हीच आहे. भूपट्ट वर्षाला काही सेंटीमीटर या संथ गतीने सरकत राहतात, प्रस्तरभंगाच्या दोन्ही बाजू घर्षणामुळे अडकून पडतात आणि वर्षानुवर्षे साठलेली ऊर्जा काही सेकंदांत मोकळी होते.

प्रत्येक झटक्यापूर्वी इलॅस्टिक किती ताणले गेले आणि वीट किती सरकली, याच्या नोंदी वहीत केल्या की एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. झटके ठरावीक अंतराने येत नाहीत आणि त्यांचा आकारही सारखा नसतो. एका विटेच्या बाबतीतही पुढचा झटका नेमका केव्हा येईल हे सांगता येत नाही, तर पृथ्वीच्या पोटातील गुंतागुंतीच्या प्रस्तरभंगांविषयी दिवस-वेळेसह भाकीत कसे करणार? भूकंपाची तारीख जाहीर करणाऱ्या अफवा दर काही वर्षांनी पसरतात. त्यांना उत्तर द्यायला हा अर्ध्या तासाचा प्रयोग पुरेसा आहे.

भूकंपलेख वाचताना

दुसरा भाग भूकंपलेखांचा असतो. भूकंपमापकाचे तत्त्व जडत्वावर आधारलेले आहे. जमीन हलली तरी टांगलेले जड वजन आपल्या जागी राहू पाहते आणि दोहोंतील सापेक्ष हालचाल कागदावर अथवा संगणकात नोंदली जाते. भारतात अलीपूर, कुलाबा व कोडाईकनाल येथे १८९८-९९ च्या सुमारास भूकंपमापक यंत्रे बसवण्यात आली. त्यामागे १२ जून १८९७ च्या आसाममधील महाभूकंपाचा अनुभव होता. याच भूकंपाच्या नोंदींवरून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतील रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी प्राथमिक, दुय्यम व पृष्ठीय अशा लहरी वेगळ्या ओळखल्या. पुढे १९०६ मध्ये पृथ्वीला गाभा असल्याचा पुरावाही त्यांनी भूकंपलहरींच्या आधारेच मांडला.

प्राथमिक लहरींत खडकाचे कण लहरीच्या दिशेने पुढे-मागे होतात, तर दुय्यम लहरींत ते दिशेला काटकोनात हलतात. प्राथमिक लहरी वेगवान असल्याने आधी पोहोचतात. त्यांचा धक्का बहुधा सौम्य असतो. मागून येणाऱ्या दुय्यम व पृष्ठीय लहरी इमारतींना अधिक घातक ठरतात. भूकवचाच्या वरच्या भागात प्राथमिक लहरींचा वेग सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर आणि दुय्यम लहरींचा सुमारे ३.५ किलोमीटर धरला, तर दोन्ही लहरींच्या आगमनातील प्रत्येक सेकंदाच्या फरकामागे सुमारे ८.४ किलोमीटर अंतर निघते. ढगांतील वीज दिसल्यानंतर गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून आपण विजेचे अंतर ताडतो, त्याच जातीचे हे गणित आहे.

कोयनानगर लोणावळ्यापासून सरळ रेषेत सुमारे १५० किलोमीटरवर आहे. तेथे मोठा भूकंप झाल्यास लोणावळ्याला पहिली लहर २५ सेकंदांच्या आसपास पोहोचेल आणि दुय्यम लहर त्यानंतर सुमारे १८ सेकंदांनी येईल. किल्लारीचे अंतर साधारण ३४५ किलोमीटर असल्याने तेथील भूकंपासाठी हाच फरक सुमारे ४१ सेकंदांचा निघतो. हे वेग सोयीसाठी घेतलेले आहेत. लांबच्या अंतरांवर लहरी अधिक खोल थरांतून वेगाने प्रवास करत असल्याने प्रत्यक्षात शास्त्रज्ञ प्रवासकाळाचे सविस्तर तक्ते वापरतात. तरीही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मूळ कल्पना समजण्यास एवढे गणित पुरते.

तीन वर्तुळे आणि एक गाव

एका केंद्रावरील नोंदीतून अंतर कळते, दिशा कळत नाही. म्हणून अपिकेंद्र शोधण्यासाठी किमान तीन ठिकाणच्या नोंदी लागतात. महाराष्ट्राचा नकाशा आणि कंपास घेऊन हा स्वाध्याय घरीही करता येईल. समजा, पुणे येथे दोन लहरींतील फरक १५ सेकंद, मुंबईला २३ सेकंद आणि पणजीला २५ सेकंद आहे. ८.४ ने गुणल्यास अंतरे अनुक्रमे १२६, १९३ आणि २१० किलोमीटर येतात. एका सेंटीमीटरला २० किलोमीटर असे प्रमाण घेतले, तर वर्तुळांच्या त्रिज्या ६.३, ९.७ आणि १०.५ सेंटीमीटर होतील.

पुणे व मुंबईची वर्तुळे परस्परांना दोन ठिकाणी छेदतात. एक छेद पाटण तालुक्यात कोयनानगरजवळ पडतो, तर दुसरा नगर जिल्ह्यात राहुरीच्या आसपास. दोन्ही शहरांच्या दृष्टीने दोन्ही गावे तितकीच 'दोषी' ठरतात. पणजीचे वर्तुळ काढले की राहुरी बाहेर पडते आणि कोयनानगर शिल्लक राहते. काळजीपूर्वक काढल्यास आणखी एक गोष्ट दिसते. तिन्ही वर्तुळे एका बिंदूत काटेकोर मिळत नाहीत. मध्ये बारीकशी फट राहते. वेळेच्या वाचनात एका सेकंदाची चूक झाली तरी अपिकेंद्र आठ किलोमीटरने सरकते. भूकंप झाल्यावर पहिल्या तासात आलेल्या बातमीतील केंद्रबिंदू व परिमाण दुसऱ्या दिवशी किंचित बदलतात, ते यामुळेच. अधिक केंद्रांच्या नोंदी हाती आल्यावर केलेली ती दुरुस्ती असते; त्यात लपवाछपवी नसते.

परिमाण आणि तीव्रता

'रिश्टर स्केलवर तीव्रता इतकी' असे वृत्तपत्रांतून छापले जाते, परंतु प्रयोगशाळेत परिमाण आणि तीव्रता या दोन गोष्टी काटेकोरपणे वेगळ्या शिकवल्या जातात. परिमाण म्हणजे भूकंपात मुक्त झालेल्या ऊर्जेचे माप. एका भूकंपासाठी ते एकच असते. तीव्रता म्हणजे एखाद्या ठिकाणी जाणवलेला परिणाम. ती गावागणिक बदलते. दिव्याचे वॅट आणि खोलीच्या कोपऱ्यात पडणारा उजेड यांत जो फरक, तोच येथे आहे.

परिमाणाची पट्टी गुणोत्तराने वाढते. एका अंकाच्या वाढीने कंपनाचा आयाम दहापट, तर ऊर्जा सुमारे ३२ पट वाढते. दोन अंकांनी ऊर्जा हजारपट होते. म्हणजे ४.३ परिमाणाचे हजार धक्के बसले, तेव्हा कुठे ६.३ च्या एका धक्क्याइतकी ऊर्जा बाहेर पडते. लहान धक्के बसत राहिल्याने मोठ्या भूकंपाचा धोका टळतो, हा कोयना परिसरातही ऐकू येणारा दिलासा या हिशेबापुढे टिकत नाही.

तीव्रता ठरवताना जमिनीचा पोत निर्णायक ठरतो. लोणावळ्यातील उघड्या कातळावरचे घर आणि इंद्रायणी किंवा पवनेच्या काठी गाळाच्या मातीवर उभे असलेले घर एकाच भूकंपात सारखे हलणार नाही. ओल्या वाळूने भरलेल्या तबकात एक वीट उभी करून तबकाला हलके हादरे दिले, तर थोड्याच वेळात वाळूवर पाणी येते आणि वीट कलंडते. शेजारच्या घट्ट पायावरची वीट मात्र तशीच उभी राहते. घर बांधण्यापूर्वी मातीची परीक्षा का करावी, हे या छोट्या प्रात्यक्षिकातून नजरेसमोर येते.

कोयनेने शिकवलेले

कोयनेच्या शिवाजीसागर जलाशयात १९६० च्या दशकाच्या आरंभी पाणी साठू लागले आणि त्यानंतर परिसरात धक्के जाणवू लागले. १९६७ च्या भूकंपानंतर जलाशय आणि भूकंप यांच्या संबंधाचा जगभर अभ्यास सुरू झाला. हर्ष गुप्ता व बी. के. रस्तोगी यांचा 'डॅम्स अँड अर्थक्वेक्स' हा ग्रंथ १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. १९८० च्या दशकात वारणेचे धरण भरू लागल्यावर भूकंपांचे क्षेत्र दक्षिणेकडे विस्तारले. या सुमारे ३० गुणिले २० किलोमीटरच्या पट्ट्यात ५ किंवा अधिक परिमाणाचे वीसहून अधिक भूकंप नोंदले गेले आहेत. त्यांपैकी बहुतेक दहा किलोमीटरपेक्षा कमी खोलीवर झाले.

शंभर मीटर खोल पाण्याचा दाब दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १० किलोग्रॅम असतो. खडकांत आधीच साठलेल्या ताणाच्या तुलनेत हा दाब किरकोळ आहे. मात्र भेगांतून पाणी खोलवर झिरपले की प्रस्तरभंगाच्या दोन बाजूंना दाबून धरणारे बल कमी होते आणि निसटण्याच्या बेतात असलेला खडक निसटतो. म्हणूनच शास्त्रज्ञ जलाशयाने भूकंप 'घडवला' असे म्हणण्याऐवजी त्याला 'निमित्त' दिले, असे म्हणतात. जगात हजारो मोठी धरणे असताना अशी उदाहरणे सुमारे शंभर ठिकाणीच आढळली आहेत. महाराष्ट्रात ठाणे जिल्ह्यातील भातसा जलाशयाच्या परिसरातही १९८३ मध्ये अशा धक्क्यांची मालिका जाणवली. जलाशयाची मासिक पातळी आणि त्या महिन्यातील धक्क्यांची संख्या यांचे आलेख एकाखाली एक काढणे, हा विद्यार्थ्यांसाठी उत्तम स्वाध्याय आहे. पावसाळ्यात पातळी वाढल्यानंतर धक्क्यांची संख्या वाढते, असे कोयना-वारणेच्या नोंदी दाखवतात. या प्रश्नाचा छडा लावण्यासाठी कराड येथे संशोधन प्रयोगशाळा स्थापन झाली आणि २०१७ मध्ये गोठणे येथे तीन किलोमीटर खोलीचे पथदर्शी वेधन पूर्ण करण्यात आले.

मावळच्या दृष्टीने हा विषय दूरचा नाही. वळवण, लोणावळा, शिरवता ही टाटांच्या जलविद्युत योजनेची तळी, आंदर मावळातील ठोकळवाडी आणि पवना धरण अशी पाण्याची मोठी साठवण या तालुक्यात आहे. धरण आहे म्हणून भूकंप होणारच, असे समजणे अशास्त्रीय आहे आणि धरणांच्या परिसरात नोंदीच ठेवू नयेत, हे त्याहून अशास्त्रीय. भातशाच्या काय किंवा कोयनेच्या काय, सूक्ष्म धक्क्यांच्या सलग नोंदींतूनच पुढचे ज्ञान हाती आले.

नकाशे का बदलले?

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात ६.२ परिमाणाचा भूकंप झाला. बळींची संख्या आठ ते दहा हजारांच्या दरम्यान सांगितली जाते. परिमाणाने हा भूकंप कोयनेच्या भूकंपाएवढाच होता. तरी प्राणहानी कितीतरी अधिक झाली. दाट वस्ती, पहाटेची वेळ, दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद यांमुळे झोपलेली कुटुंबेच्या कुटुंबे गाडली गेली. तोवर तो भाग भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात दाखवलेला होता. २००२ मध्ये नकाशा सुधारण्यात आला, तेव्हा सर्वांत कमी धोक्याचे ते पहिले क्षेत्र रद्द झाले. त्या नकाशात कोयना चौथ्या, तर पुणे व मुंबई तिसऱ्या क्षेत्रात आली. तिसरे क्षेत्र म्हणजे मध्यम धोका. तेथे मोठा हादरा बसणारच नाही, अशी हमी त्यातून मिळत नाही.

२६ जानेवारी २००१ च्या भुज भूकंपाने शहरांना वेगळा धडा दिला. अपिकेंद्रापासून दोनशे किलोमीटरहून अधिक अंतरावरील अहमदाबादेत अनेक बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतील कित्येकांच्या तळमजल्यावर वाहनतळासाठी केवळ खांब होते, भिंती नव्हत्या. लोणावळा, तळेगाव, वडगाव, कामशेत येथे गेल्या काही दशकांत उभ्या राहिलेल्या गृहसंकुलांकडे पाहताना ही गोष्ट विसरून चालणार नाही. घर घेताना स्वयंपाकघरातील फरशी जितक्या बारकाईने पाहिली जाते, तितक्याच बारकाईने रचनेचा आराखडा भूकंपरोधक निकषांनुसार आहे किंवा नाही, हे विचारायला हवे.

घाटातील डोंगरउतारांचा विचारही यातच येतो. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गेले आणि दीडशेहून अधिक माणसे दगावली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर तशीच आपत्ती कोसळली. या दोन्ही दुर्घटना अतिवृष्टीच्या होत्या, भूकंपाच्या नव्हत्या. सह्याद्रीच्या या भागात पाऊस हाच उतारांचा प्रमुख शत्रू आहे. मात्र पाण्याने भिजून सुटलेल्या उतारावर एखादा मध्यम धक्काही दरडीला निमित्त ठरू शकतो. म्हणून सहलीत विद्यार्थ्यांना खडकातील सांध्यांची दिशा, तांबड्या मातीचा पट्टा आणि झऱ्यांच्या जागा यांच्या नोंदी करायला लावतात. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी तुकडी मावळ तालुक्यातीलच सुदुंबरे येथे आहे. बचावाचे काम तिचे असले, तरी धोक्याची जागा आधी ओळखण्याचे काम भूशास्त्राचे आहे.

प्रात्यक्षिकाच्या वहीत अखेरीस काही आकडे, एक नकाशा आणि घाटात काढलेली दोन-चार रेखाचित्रे उरतात. ती लिहिणाऱ्यांपैकी फार थोडे विद्यार्थी पुढे भूकंपशास्त्रज्ञ होतील. बाकीचे घर बांधतील, घर विकत घेतील, ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत निवडून जातील, अफवा पसरवतील किंवा थांबवतील. भूकंप केव्हा होईल हे विज्ञानाला सांगता येत नाही. कोणती भिंत पडेल, कोणती जमीन अधिक हलेल आणि कोणता उतार सुटेल, हे मात्र बरेचसे आधी सांगता येते. किल्लारीच्या त्या पहाटे उणीव होती ती याच ज्ञानाची.